अनोळखी पदार्थ पहिल्यांदा खाताना: पाकीट फोडण्याआधीपासून तिसऱ्या खेपेपर्यंत

नवा पदार्थ ‘अजिबात नाही आवडला’ म्हणून बाजूला सारला जातो, तेव्हा बऱ्याचदा दोष पदार्थाचा नसतो. तो चुकीच्या मापात, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पद्धतीने तोंडात गेलेला असतो. ऑस्ट्रेलियातलं व्हेजीमाइट घ्या. काळसर, चकचकीत लेप दिसला की लोक चॉकलेट स्प्रेड समजून चमचाभर तोंडात घालतात आणि तोंड वाकडं करून बरणी कायमची बंद करतात. प्रत्यक्षात तो यीस्टचा अर्क आहे, भरपूर खारट. गरम टोस्टवर आधी बटर, आणि त्यावर सुरीच्या टोकाला लागेल एवढाच लेप, खालचं बटर दिसत राहील इतका पातळ. अशा रीतीने खाल्ल्यावरही आवडला नाही, तर तो खरा नकार. चमचाभर खाऊन दिलेला नकार मोजू नये.

खालचा क्रम पाळायला पहिल्या वेळी अर्धा तास जातो. सवय झाली की पाच-सात मिनिटं पुरतात.

## १. आधी ठरवा: हे मला चालणारं आहे का?

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. ‘मला कशाचीच ॲलर्जी नाही’ याचा अर्थ एवढाच की आजवर जे खाल्लं त्याची नाही. ज्यांना एखादी ॲलर्जी आहे, त्यांनी तर त्या पदार्थाचे नातेवाईकही तपासायला हवेत:

- कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर नाकतोडे, रातकिडे, अळ्या यांचे स्नॅक्स आणि त्यांचं पीठ घातलेली बिस्किटं नकोत. दोन्हींत ट्रोपोमायोसिन नावाचं सारखंच प्रथिन असतं.
- शेंगदाण्याची असेल तर ल्युपिन या कडधान्याचं पीठ टाळा. युरोपातल्या काही ब्रेड-पास्त्यात ते असतं.
- काजूची असेल तर पिस्तेही जपून. दोन्ही एकाच कुळातले.
- रबराच्या हातमोज्यांनी खाज येत असेल तर किवी, ॲव्होकॅडो आणि चेस्टनट हे पहिल्यांदा एकट्याने खाऊ नका.

आता औषधं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर जपानी नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) नको, कारण त्यातलं भरपूर के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम मारतं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट घेतलं तर उलटं होतं, औषध रक्तात प्रमाणाबाहेर साठतं. नैराश्यासाठी एमएओ इन्हिबिटर गटातली गोळी चालू असेल तर जुनं, मुरवलेलं चीज आणि आंबवलेले सोयाचे पदार्थ रक्तदाब एकदम चढवू शकतात. मूत्रपिंड अधू असेल तर स्टारफ्रूटची एक फोडही नको. उचकी न थांबणं, भ्रम होणं आणि झटके येणं इथपर्यंत मजल जाते. काळ्या लिकोरिसच्या (ज्येष्ठमधाच्या) गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि पोटॅशियम उतरवतात. चाळिशीपुढच्यांनी सलग दोन आठवडे रोज सुमारे ५७ ग्रॅम खाल्ल्या तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) दिलेला आहे. चवीपुरती एखादी गोळी निरोगी माणसाला बाधत नाही. अडचण होते ती रोजच्या पाकिटाने.

गरोदरपणात पाश्चराइज न केलेलं मऊ चीज आणि कच्चे मासे बाद. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नये.

इशारा: घट्ट जेली आणि चिकट गोळे चवीपेक्षा घशात अडकण्यासाठी धोक्याचे. कोन्याकू या कंदाचं पीठ घातलेल्या छोट्या कपातल्या जेलीवर युरोपीय संघात बंदी आहे, कारण ती तोंडात विरघळत नाही आणि कपातून ओढून घेतली की थेट श्वासनलिकेच्या तोंडाशी जाऊन बसते. मोची (चिकट तांदळाचे जपानी गोळे) लहान मुलांना आणि वृद्धांना देताना नखाएवढे तुकडे करा, शेजारी बसा आणि बोलत-हसत खाऊ देऊ नका.

## २. पाकीट वाचा, आणि नीट वाचा

तारखेपासून सुरुवात करा, कारण घोळ इथेच होतो. ०५/०६/२६ ही तारीख अमेरिकेच्या पाकिटावर ६ मे असते, युरोपच्या पाकिटावर ५ जून. जपान, कोरिया आणि चीनमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे २६.०५.०६ हे ६ मे २०२६. चिनी पाकिटावर बऱ्याचदा छापलेली तारीख उत्पादनाची असते आणि ‘किती महिने टिकेल’ हे वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. त्यामुळे ताजं पाकीट ‘संपलेलं’ म्हणून फेकलं जातं.

शिवाय तारखा दोन जातीच्या. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ अशी असेल तर नंतर कुरकुरीतपणा आणि वास कमी होतो, एवढंच. ‘या तारखेपर्यंत वापरा’ अशी असेल तर ती ओलांडायची नाही, वास चांगला येत असला तरी.

मग ॲलर्जीकारक घटक. इथे देशादेशांचे नियम वेगळे आहेत, हे लक्षात असू द्या. युरोपीय संघात १४ घटक ठळक दाखवणं सक्तीचं आहे आणि त्यांत मोहरी, सेलरी, ल्युपिन येतात. अमेरिकेत ९ घटक आहेत. तीळ त्या यादीत २०२३ पासून आले, मोहरी अजूनही नाही. मोहरी तिथे नुसत्या ‘मसाले’ या शब्दामागे दडू शकते. म्हणजे ‘ॲलर्जीच्या चौकटीत नाही’ म्हणून ‘पदार्थात नाही’ असं धरून चालू नका.

भाषा येत नसेल तर फोनने फोटो काढून भाषांतर करतात, आणि ते बहुतेक वेळा ठीकच येतं. चुकतं ते गोल बरणीवरच्या किंवा चुरगळलेल्या पाकिटावरच्या बारीक मजकुरात. पाकीट ताणून सपाट धरा, उजेड बाजूने घ्या आणि घटकांचा भाग दोन तुकड्यांत टिपा. ज्यांना गंभीर ॲलर्जी आहे त्यांनी भाषांतरावर विसंबू नये. आपल्याला वर्ज्य असलेल्या घटकाचं नाव त्या लिपीत आधीच फोनमध्ये साठवून ठेवावं आणि अक्षराला अक्षर लावून पाकिटावर शोधावं.

मांस-मासे न खाणाऱ्यांनी पाहायच्या जागा: गमी गोळ्यांतलं जिलेटिन, लाल रंगासाठी कार्माइन किंवा ई१२० (हा किड्यापासून निघतो), चीजमधलं प्राणिज रेनेट (दूध गोठवणारं विरजण), आणि भाज्यांच्या म्हणवणाऱ्या सूपमधला सुक्या माशाचा अर्क. समुद्री शेवाळाचे किंवा बटाट्याचे म्हणून विकले जाणारे चिप्सही चवीच्या पुडीपायी मासेयुक्त निघतात.

‘साखरविरहित’ लिहिलं असेल तर सॉर्बिटॉल, माल्टिटॉल शोधा. साखरेऐवजी घातलेले हे गोड घटक पूर्ण पचत नाहीत, आतड्यात पाणी ओढतात. युरोपात यांचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर ‘जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात’ हे छापावंच लागतं. पहिल्या दिवशी चार-पाच गोळ्या पुरे. प्रवासाच्या दिवशी एकही नको.

तपासणी: पाकिटात आत आणखी पुड्या आहेत का? मसाल्याची, तेलाची आणि सॉसची पुडी खायची. सिलिका जेलची आणि ऑक्सिजन शोषणारी पुडी कचऱ्यात. या सगळ्या दिसायला सारख्याच असतात. सगळ्या बाहेर काढून ताटलीत मांडल्याशिवाय एकही फोडू नका.

## ३. हा पदार्थ खातात कसा, ते शोधा

चार प्रश्न: कुठला भाग खायचा? कच्चा की शिजवून? गरम, गार की खोलीच्या तापमानाला? आणि कशासोबत? चारही उत्तरं हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुठला भाग. टमाले या मेक्सिकन पदार्थाभोवतीचं मक्याचं साल सोडायचं असतं. एदामामेची (कोवळ्या सोयाबीनची) शेंग दातांत धरून दाणे ओढून घ्यायचे, शेंग टाकायची. आर्टिचोकची पाकळी टोकाला धरून तिच्या बुडाचा गर खालच्या दातांनी खरवडायचा. मधली केसाळ गादी घशात टोचते, ती चमच्याने काढून टाकायची. ब्री चीजची पांढरी साल खायची, गौडा चीजवरचा मेणाचा थर नाही.

पिकलंय का. पर्सिमॉन हे फळ चुकीचं खाल्लं जाण्यात पहिल्या क्रमांकावर असावं. त्याची टोमॅटोसारखी बसकी जात, फुयू, सफरचंदासारखं कडक असतानाच खातात. लांबट, खाली टोकदार हाचिया जातीचं मात्र पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत होईपर्यंत थांबायचं. कडक हाचियाच्या पहिल्याच चाव्यात तोंडाला असा चीक बसल्यासारखं होतं की जीभ टाळूला खरखरते, हे टॅनिनमुळे. ‘पिकलेलं दिसतंय’ हा निकष इथे कुचकामी, कारण रंग आधीच येतो. बोटाने दाबूनच ठरवा.

जमैकाच्या ॲकीची तर गोष्टच वेगळी. ते फळ झाडावर आपोआप उमललं तरच घ्यायचं, त्यातला फक्त पिवळसर गर साफ करून उकळायचा, आणि काळ्या बिया नि लालसर पापुद्रा फेकून द्यायचा. न उमललेल्या फळात रक्तातली साखर जीवघेणी उतरवणारं विष असतं. पहिल्यांदा खाणाऱ्याने डब्यातलंच घ्यावं.

तापमान. चीज फ्रिजमधून काढून ३० ते ६० मिनिटांनी खा. गारठ्यात त्याचा वास बंदच असतो. ड्युरियन या उग्र वासाच्या फळाचं उलट. वासाची धास्ती असेल तर पहिला घास गारच घ्या, दर्प बराच कमी लागतो आणि गर घट्ट कस्टर्डसारखा होतो. सूप भरलेल्या चिनी डंपलिंगने (श्याओलोंगबाओ) दरवेळी कुणाचं तरी तोंड पोळतं. ते चॉपस्टिकने शेंड्याला अलगद उचलून चमच्यात ठेवायचं, कडेला चिमुकला चावा घेऊन भोक पाडायचं, वाफ जाऊ द्यायची, मग रस ओढायचा आणि शेवटी उरलेलं खायचं. अख्खं तोंडात टाकलं की आतला उकळता रस टाळूवर फुटतो आणि मग पुढचे दोन दिवस कशाचीच चव लागत नाही.

कशासोबत. नात्तो नुसतं चमच्याने खाऊन पाहणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. बरोबर क्रम असा: डबी फ्रिजमधून काढा, सॉस नि मोहरीच्या पुड्या बाजूला ठेवा, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा चिकट तारा गुंडाळत उचला. सॉस न घालता चॉपस्टिकने ३०-४० वेळा घोटा, पांढरट फेस धरेपर्यंत. आता सॉस आणि मोहरी घालून पुन्हा थोडं ढवळा आणि वाफाळत्या भातावर घाला. सॉस आधी ओतला तर पातळपणामुळे फेस धरत नाही. पहिल्या वेळी पाव डबी पुरे.

स्वीडनच्या सुरस्ट्रोमिंगचा, म्हणजे आंबवलेल्या हेरिंगचा डबा घरात उघडू नये. आतलं आंबणं चालूच असल्यामुळे डबा फुगलेला असतो आणि भोक पडताच खारं पाणी कारंज्यासारखं उडतं. बादलीभर पाण्यात डबा तिरका बुडवून, उघड्यावर, तोंड लांब ठेवून उघडतात. मासा साफ करून त्याचे छोटे तुकडे पातळ ब्रेडवर बटर, उकडलेला बटाटा आणि कांदा यांच्यासोबत खातात. इंटरनेटवर ओकाऱ्या काढणारी माणसं दिसतात, ती डब्यातला मासा अख्खा तोंडात घालणारी असतात.

इशारा: फुगलेला डबा चालतो, हा नियम फक्त अशा मुद्दाम आंबवलेल्या पदार्थांपुरता. दुसरा कुठलाही हवाबंद डबा फुगलेला दिसला तर चाखूनही बघू नका, तसाच फेका.

## ४. वेळ आणि तोंड

सर्दी असताना नवा पदार्थ खाण्यात अर्थ नाही. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा नाकाचा असतो. दात घासल्यावर तासभर थांबा, टूथपेस्टमधला फेसाचा घटक गोडी दाबतो आणि आंबट पदार्थ कडवट लागायला लावतो. पोट रिकामं नको, तुडुंब नको.

गाडी लागणाऱ्यांनी प्रवासात नवं काही खाऊ नये. मळमळ रस्त्याच्या वळणांनी होते, पण मेंदू तिचा दोष नुकत्याच खाल्लेल्या अनोळखी पदार्थाला देतो आणि ती किळस वर्षानुवर्षं टिकते. आजारपणातही हेच होतं.

जवळ ठेवा: साधं पाणी, बिनमिठाचं बिस्किट किंवा पाव, थोडं दूध, कागदी रुमाल. तो रुमाल थुंकण्यासाठी. थुंकायची मुभा आधीच दिली की घास निवांत घेतला जातो. लोकांदेखत गिळावाच लागेल, या धास्तीनेच निम्मी ओकारी येते.

## ५. पहिला घास

१. लांबून वास. पदार्थ नाकापासून वीतभर ठेवून हाताने हवा ओढा. थेट नाक खुपसू नका. उग्र वासाचे पदार्थ असतील तर एक-दोन मिनिटं तसेच बसा, नाक सरावतं. वासाला नाव देण्याची घाईही नको: पार्मेझान चीजमध्ये जे ब्युटिरिक ॲसिड असतं तेच ओकारीतही असतं. नाव काय सुचतं त्यावर भूक चाळवते की मरते, हे ठरतं.

२. तांदळाच्या दाण्याएवढा. जिभेवर ठेवा, ओठांना लागू द्या, मग थुंका किंवा गिळा. दोन मिनिटं थांबा. ॲलर्जीची शंका असणाऱ्यांनी पंधरा.

३. वाटाण्याएवढा. आठ-दहा वेळा चावा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चव खरी इथे उघडते. फार उग्र वाटलं तर नाक चिमटीत धरून चावा, मग सोडा. वास किती आणि चव किती, हे लगेच वेगळं कळतं.

४. नेहमीचा घास, जोडीच्या पदार्थासह.

चौथ्या पायरीआधी मत द्यायचं नाही. नुसता दाणाभर चाखून ‘खारट आहे’ म्हणणं म्हणजे सॉस पिऊन जेवणाला नावं ठेवणं.

## ६. तोंडात काय चाललंय, ते ओळखा

मिरचीची आग वाढत जाते आणि मिनिटभराने टोक गाठते, म्हणून दुसरा घास लगेच घेऊ नका. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं. दुधाचा घोट तोंडात घोळवा. दुधातलं केसीन हे प्रथिन ते धुऊन काढतं. साय नसलेलं दूधही चालतं. फसफसणारी पेयं नकोत.

वासाबीची (तिखट हिरव्या जपानी चटणीची) कळ जिभेवर नव्हे, नाकातून मस्तकात जाते आणि काही सेकंदांत ओसरते. नाकाने श्वास घ्या, तोंडाने सोडा.

सिच्वान मिरीच्या मुंग्या लोकांना घाबरवतात. ओठ थरथरल्यासारखे, बधिर वाटतात, तोंडाला पाणी सुटतं. हा त्या मिरीचाच गुण. दहा-पंधरा मिनिटांत उतरतो.

खारट-अमोनियाची चव फिनलंडच्या साल्मियाक्कीत (खारट लिकोरिसच्या गोळीत) असते, ती अमोनियम क्लोराइडमुळे. गोळी खराब झालेली नाही. चघळू नका, गालात धरा. पहिला तडाखा ओसरला की खालची गोडी येते.

ॲलर्जी मात्र तोंडापुरती राहत नाही. ओठ-जीभ दिसण्याइतके सुजणं, अंगावर गांधी, आवाज घोगरा होणं, घसा आवळणं, उलट्या, चक्कर. बधिरपणा आणि सूज यांतला फरक आरशात बघून करा. श्वास अडत असेल, किंवा गांधींबरोबर उलटी वा चक्कर असेल, तर थांबायचं नाही: ॲड्रेनालिनचं पेन (तयार इंजेक्शन) असेल तर मांडीत टोचा, रुग्णवाहिका बोलवा, आडवं झोपवा आणि उठवून चालवू नका. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसलेलं चालेल. ॲलर्जीची साधी गोळी अशा वेळी पुरी पडत नाही.

टूना, मॅकरेल अशा माशांचा घास मिरपुडीसारखा चुरचुरला, तर तो थुंका. नीट गार न ठेवलेल्या माशात हिस्टामिन साठतं, आणि शिजवून ते जात नाही.

## ७. एकदम दहा पाकिटं असतील तर

सगळी फोडून टेबलावर पसरणं ही हमखास होणारी चूक. एका बैठकीत पाच-सहा पुरे. सौम्य आणि कमी मिठाचे आधी, मग खारट, मग आंबट, मग गोड. आंबवलेले आणि उग्र त्यानंतर, तिखट अगदी शेवटी. मध्ये पाण्याची चूळ नि पावाचा तुकडा. मिरचीनंतर पुढचा पदार्थ चाखायचा झालाच तर दहा मिनिटं जाऊ द्या. ज्यांना ॲलर्जीचा इतिहास आहे त्यांनी एका दिवशी एकच, नाहीतर बाधलं कशाने ते कळायचं नाही.

## ८. खाऊन झाल्यावर

अन्नाची ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते, म्हणून नवा पदार्थ झोपायच्या तोंडावर नको. ओलं, शिजलेलं उरलं असेल तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. हवा ३२ अंशांपुढे असेल तर तासाभरात. कोरडे स्नॅक्स हवाबंद डब्यात, मूळ पाकिटाच्या फोटोसह: काही झालं तर डॉक्टर घटकच विचारतात.

## ९. दुसरी आणि तिसरी खेप

दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदला: तापमान, किंवा माप, किंवा जोडीचा पदार्थ. तिन्ही एकदम बदललं तर काय जमलं ते समजत नाही. दोन खेपांत तीन-चार दिवसांचं अंतर असू द्या. वहीत तीन रकाने पुरतात: वास, चव, तोंडातला स्पर्श. बऱ्याचदा नकार तिसऱ्या रकान्यातला निघतो, म्हणजे चव चालते पण बुळबुळीतपणा नको असतो. अशा वेळी तोच पदार्थ तळून किंवा कुरकुरीत करून खाता येतो का, ते बघा.

तिसऱ्या खेपेनंतरही नको वाटलं तर सोडून द्या. घसा किंवा कान खाजले असतील तर दुसऱ्या खेपेचीही वाट बघायची नाही, आधी डॉक्टर.

मुलांचं गणित वेगळं. त्यांना नवी चव पटायला आठ-दहा वेळा ताटात यावी लागते, कधी पंधराही. ‘एक घास खा, मग चॉकलेट देते’ हा सौदा करू नका. त्यातून त्यांना एवढंच कळतं की हा घास म्हणजे शिक्षा आहे. दाणाभर ताटाच्या कडेला ठेवा आणि त्याबद्दल काही बोलू नका. खाल्ला नाही तर मुकाट्याने उचलून घ्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा ठेवा.